दुचाकीचे शॉकअप : थोड्या खर्चात सुरक्षित प्रवास

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारसायकलीच्या शॉकअपवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु सकाळी आपल्या महाविद्यालयाच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांकडे एकदा पाहावे. महाड-पोलादपूरच्या वाड्या-वस्त्यांवरून येणाऱ्या अनेकांची एस.टी. आणि पहिला तास यांची वेळ जुळत नाही. म्हणून घरच्यांनी काटकसर करून घेऊन दिलेली जुनी गाडी हाच त्यांचा आधार. आणि या गाड्यांबद्दल सर्वांची तक्रार एकच : ‘गाडी फार आदळते!’ त्यावर नवे, महागडे शॉकअप बसवणे हाच उपाय, असे मलाही वाटत होते. अनुभवाने ते मत बदलले. तो अनुभव विद्यार्थिमित्रांच्या उपयोगी पडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

शॉकअप म्हणजे बसणाऱ्याच्या सुखाची सोय, हा समज अर्धाच खरा आहे. त्याचे मुख्य काम चाक रस्त्याला टेकलेले ठेवणे हे होय. टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग रस्त्याला लागलेला असतो. ब्रेक लागणे आणि गाडी वळणे ही दोन्ही कामे तेवढ्याच भागावर चालतात. खड्ड्यावरून चाक उसळून क्षणभर अधांतरी राहिले, तर त्या क्षणी ब्रेक दाबला काय आणि न दाबला काय, सारखेच. सपाट रस्त्यावर हे खपून जाते. पावसाळ्यात आंबेनळी घाटाच्या वळणावर मात्र तोच क्षण जिवावर बेततो.

शॉकअपमध्ये दोन गोष्टी असतात : स्प्रिंग आणि तेल. स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूक याने १६७८ साली मांडला, तो आपण शाळेत शिकलो आहोत. जेवढा भार वाढेल, तेवढी ती दबते. पण दबलेली स्प्रिंग साठवलेला जोर परत देते आणि गाडी पुन्हा पुन्हा उसळते. तिला आवरण्याचे काम तेल करते. बारीक छिद्रांतून तेल सरकताना त्या जोराची उष्णता होते व उसळी शमते. कार्यालयांच्या दारांना वर बसवलेले यंत्र आठवा. आतली स्प्रिंग दार लोटते, पण तेल ते धाडकन आपटू देत नाही. तेल संपले की दार आपटू लागते. गाडीचेही तसेच होते.

आता माझी गोष्ट. माझी शंभर सी.सी.ची गाडी जुलै २०२१ च्या महाडच्या महापुरात बुडालेली. म्हणूनच ती वडिलांना स्वस्तात मिळाली. ती पुढून फार दबते म्हणून मी एका गॅरेजात दाखवली. तेथे जुने तेल न काढताच वरून घट्ट तेल ओतले आणि स्प्रिंगवर वायसर टाकून दिले. गाडी लाकडासारखी कडक झाली. मला वाटले, काम झाले! चारच दिवसांनी धाकट्या बहिणीला मागे बसवून आंबेनळीतून पोलादपूरकडे उतरत होतो. वळणावर ओळीने लहान खड्डे होते. पुढचे चाक त्यांवरून थरथरत बाहेरच्या बाजूला सरकले आणि आम्ही दोघे गटारात. दरी दुसऱ्या बाजूला होती, म्हणून गुडघे फुटण्यावर निभावले.

असे का झाले, हे दुसऱ्या एका जुन्या मिस्त्रींनी समजावले. तेल फाजील घट्ट असले की दबलेला शॉकअप पुढचा खड्डा येईपर्यंत परत उघडत नाही. खड्ड्यामागून खड्डा आला की तो दबलेलाच राहतो आणि चाक रस्ता सोडते. तेल प्रमाणाबाहेर भरले, तर आतल्या हवेला जागा उरत नाही. मग शॉकअप अडतो व सील फुटते. वायसर टाकल्याने स्प्रिंगची ताकद वाढत नाही; ती आधीच थोडी दाबून ठेवली जाते, इतकेच. त्यांनी फोर्क उघडला तेव्हा आतून दुधाच्या चहासारखे तेल निघाले. पुराचे पाणी इतकी वर्षे आतच होते! दोन्ही नळ्या धुऊन, नवी सील घालून, कंपनीने सांगितलेले तेल दोन्हीकडे सारखे मोजून भरले. मजुरीसह साडेसातशे रुपये लागले. नव्या शॉकअपची गरजच उरली नाही.

या अनुभवातून खर्चाचा एक क्रम मी ठरवला आहे.

पहिली पायरी बिनखर्ची. टायरमधील हवा कंपनीने सांगितल्याइतकी ठेवावी. मग गाडी मधल्या स्टँडवर लावून मागचे चाक दोन्ही हातांनी आडवे हलवावे. खुळखुळले तर चाकाचे बेअरिंग किंवा चिमट्याचे बुश झिजले आहेत. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवावे. मध्येच अडकले तर कोनसेट गेला. हे दोष शॉकअपच्या माथी मारले जातात, पण शॉकअप बदलून ते जात नाहीत.

दुसरी पायरी भाराची. अनेक गाड्यांच्या मागील शॉकअपला खाचांची कडी असते. एकटे असताना ती खालच्या टप्प्यावर आणि मागे माणूस किंवा दुधाचे कॅन असताना वरच्या टप्प्यावर ठेवावी. दोन्ही बाजूंचा टप्पा सारखाच हवा. चाक अधांतरी असताना आसापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत टेपने मोजावे, मग गाडीवर बसून पुन्हा मोजावे. फरक शॉकअपच्या एकूण चालीच्या पाव ते एकतृतीयांश असावा. आपल्यापैकी किती जणांनी ही कडी कधी फिरवली आहे?

तिसरी पायरी फोर्कचे तेल व सील. पुढच्या नळीवर तेलाचा ओला पट्टा दिसला की दिरंगाई करू नये. तेल ब्रेकवर उतरले तर ब्रेकच लागत नाही. फोर्कचे टोपण उघडताना स्प्रिंग उसळते, म्हणून हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे. काढलेले तेल मात्र वहाळात ओतू नये. ते शेवटी सावित्रीतच जाते.

नवा शॉकअप ही शेवटची पायरी. मागचा शॉकअप गळू लागला की सहसा दुरुस्त होत नाही. तेव्हा जोडीच बदलावी आणि मूळ लांबीचीच घ्यावी. काही स्वस्त शॉकअपांवरची रंगीत डबी केवळ शोभेची असते. तिला भुलू नये.

मित्रहो, परिस्थितीमुळे आपल्याला जुनी गाडी वापरावी लागते, यात कमीपणा नाही. पण तिची प्रकृती न तपासता मागे कोणाला बसवून घाट उतरणे हा गुन्हा आहे. तो मी केला, आणि बहिणीच्या गुडघ्यावरचा व्रण मला त्याची रोज आठवण देतो. नवे घेण्यापूर्वी आहे ते नीट करावे. घाटात तेच आपल्याला सुखरूप घरी आणते.