मोटेचें चाक आणि कामाचा हिशेब

नववीच्या वर्गांत साध्या यंत्रांचा पाठ चालला असतां एका विद्यार्थ्यानें प्रश्न केला, "सर, माझे आजोबा म्हणतात, विहिरीवर मोठें चाक बसविलें त्या दिवसापासून बैलांचें काम निम्म्यावर आलें. पुस्तकांत तर लिहिलें आहे कीं, स्थिर कप्पीनें बल मुळींच वांचत नाहीं. मग खरें कोणाचें?" प्रश्न मार्मिक होता. त्याचें उत्तर केवळ परीक्षेपुरतें नाहीं. ज्या घरीं विहीर अगर बोअर आहे, त्या प्रत्येक घराच्या तें उपयोगाचें आहे. म्हणून तें येथें थोडें सविस्तर देतों.

प्रथम 'काम' या शब्दाचा अर्थ पाहूं. डोक्यावर पाटी घेऊन तासभर स्वस्थ उभा राहिलेला मजूर थकतो खरा. परंतु पदार्थविज्ञानाच्या दृष्टीनें त्या पाटीवर कांहींच काम झालेलें नसतें. बल लावलें आणि त्या बलाच्या दिशेनें वस्तु सरकली, तरच काम झालें. बल गुणिलें अंतर, हें त्याचें माप.

आपला खानदेश कापसाचा. रुईच्या गांठीचें वजन साधारणतः १७० किलो असतें. ती १ मीटर उंच गाडीवर सरळ उचलावयाची, तर सबंध १७० किलोंचा भार पेलला पाहिजे. तीच ४ मीटर लांबीच्या तिरप्या फळीवरून वर ढकलली, तर घर्षण वगळतां सुमारें ४३ किलोंच्या भाराइतकें बल पुरे होतें. मात्र ढकलावें लागतें ४ मीटर. बल चौथाई झालें, अंतर चौपट झालें. गुणाकार तोच राहिला. पहार, पाचर, मळसूत्र, रहाट, या सर्वांची गोष्ट हीच आहे. इटलींतील गॅलिलिओनें सुमारें १६०० सालीं यंत्रांविषयीं लिहितांना हेंच दाखवून दिलें कीं, यंत्राला निसर्गास फसवितां येत नाहीं.

आतां मोटेकडे वळूं. विजेचे व तेलाचे पंप येण्यापूर्वीं आपल्याकडील विहिरींवरचें बागाईत मोटेवर पिकत असे. जळगांवजवळील असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या गाण्यांतहि ती मोट आहे. चामड्याची अगर पत्र्याची मोट, तिला बांधलेला जाड नाडा, विहिरीच्या कांठावरील चाक आणि बैलांसाठीं उतरती धाव, अशी तिची रचना. बैल धावेवरून खालीं उतरत, तसतशी मोट वर येई आणि तिच्या सोंडेंतून पाणी थारोळ्यांत पडून पाटाला लागे. मानूं या कीं, मोटेंत १५० लिटर, म्हणजे १५० किलो पाणी आहे व तें १० मीटर वर आणावयाचें आहे. तर काम झालें १५० × ९.८ × १० = १४,७०० ज्यूल. पाणी १० मीटर वर येई, तेव्हां बैलहि १० मीटरच चालत. म्हणजे चाकानें बल कमी होत नसे. तें केवळ बलाची दिशा बदलीत असे.

खरी युक्ति धावेंत होती. धावेला १० मीटरांत १ मीटर उतार आणि जोडीचें वजन ७०० किलो धरल्यास, त्या वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे ७० किलो, मोट ओढण्याच्या कामीं येई. पायांच्या जोरावर ८० किलोच उरत. पण हेंहि फुकट नव्हे! रिकामी मोट विहिरींत सोडतांना बैलांना तोच चढ मागें मागें चढून जावा लागे. उतारानें जें उसनें दिलें, तें चढानें परत घेतलें. ओझें दोन खेपांत वांटलें गेलें, इतकेंच.

मग आजोबा चुकले काय? अगदींच नव्हे. चाक लहान असलें म्हणजे कण्याशीं होणाऱ्या घर्षणांत अधिक बल वायां जातें, आणि जाड नाडा लहान चाकावरून वांकवितांनाहि जोर लागतो. चाक मोठें केलें कीं ही नासाडी घटते. बैलांना हलकें वाटलें तें यामुळें. परंतु पाण्याचे १४,७०० ज्यूल कोणत्याहि चाकानें सुटत नाहींत.

आजोबांना चाकाविषयीं जें वाटलें, तेंच आज पुष्कळ पालकांना पंपाविषयीं वाटतें. रावेर-यावल भागांत केळीच्या बागांसाठीं भूजलाचा मोठा उपसा झाला व पाणी खोल गेलें. अशा वेळीं मनांत येतें, अधिक अश्वशक्तीचा पंप घेतला म्हणजे झालें. पण १ अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट. काम किती वेगानें होतें, एवढेंच ती सांगते. १०,००० लिटर पाणी १० मीटर वर आणण्यास किमान ९,८०,००० ज्यूल, म्हणजे पाव युनिटाहून थोडी अधिक वीज लागते. तेंच १०० मीटरांवरून आणण्यास दसपट, म्हणजे सुमारें पावणेतीन युनिट. पंपांतील व नळांतील घट धरली तर प्रत्यक्ष खर्च याहून पुष्कळ जास्त. मोठा पंप हा खर्च टाळीत नाहीं, आणि विहिरींत नसलेलें पाणीहि आणीत नाहीं. आहे तें लौकर संपवितो.

मग करावें काय? पाण्याचा भार कमी करावा, नाहीं तर उंची कमी करावी. तिसरा मार्ग हिशेबांत नाहीं. ठिबक सिंचनानें पहिली गोष्ट साधते, कारण पाणीच थोडें लागतें. दुसरीचें उदाहरण धुळें जिल्ह्यांतील शिरपूर तालुक्याचें आहे. तेथें २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखालीं नाले रुंद व खोल करण्यांत आले, त्यांवर बंधारे घातले आणि पावसाचें पाणी जमिनींत जिरविलें. विहिरींतील पाणी वर आलें. जितकें पाणी वर आलें, तितकें उचलण्याचें काम कमी झालें.

विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटींत वडील मंडळींना बरोबर घेऊन विहिरीच्या कांठीं जा. दोरीला दगड बांधून पाणी किती मीटर खोल आहे तें मोजा आणि दिवसाच्या उपशाचा हिशेब वहींत मांडा. नवा पंप घ्यावा कीं बांध घालावा, हें त्यानंतर घरांतील सर्वांनीं मिळून ठरवावें.