स्वस्त तेलाची किंमत कोण मोजतो?

परदेशातून येणारा स्वस्त माल ग्राहकाला दिलासा देतो आणि देशातील उत्पादकाला अडचणीत आणतो. विकसनशील देशांपुढील या पेचाचे भारतातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे खाद्यतेल.

खाद्यतेलाच्या आयातीवर होणारा परकीय चलनाचा खर्च कमी करण्यासाठी १९८६ मध्ये केंद्र सरकारने तेलबिया तंत्रज्ञान अभियान हाती घेतले. सुधारित बियाणे, हमीभाव आणि आयातीवरील सरकारी नियंत्रण या तिहेरी उपायांमुळे दशकभरात तेलबियांचे उत्पादन सुमारे दुपटीवर गेले. 'पीतक्रांती' म्हणून ओळखल्या गेलेल्या या प्रयत्नामुळे १९९० च्या दशकाच्या प्रारंभी देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता.

१९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली. त्या वेळी ६५ टक्के असलेले आयात शुल्क १९९८ पर्यंत १५ टक्क्यांवर आले आणि आयातीचा ओघ वाढत गेला. आज गरजेच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे वर्षाला सुमारे १६० लाख टन तेल बाहेरून येते. इंडोनेशिया व मलेशियातून पाम, तर अर्जेंटिना व ब्राझीलमधून सोयाबीन तेल येते.

ही स्पर्धा मुळातच विषम आहे. एका हेक्टरातून पामचे झाड इतर तेलबियांच्या कितीतरी पट तेल देते. उलट मराठवाडा-विदर्भातील सोयाबीन बहुतांशी पावसावर अवलंबून असते आणि त्याचे भारतातील हेक्टरी उत्पादन जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे.

याचा दोष केवळ जागतिक व्यापार संघटनेला देता येणार नाही. तिच्या करारानुसार भारताला सोयाबीन तेलावर ४५ टक्के, तर पाम तेलावर तब्बल ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क आकारण्याची मुभा आहे. खरी अडचण धोरणातील धरसोडीची आहे. महागाई वाढली की शुल्क उतरते, शेतमालाचे भाव कोसळले की ते चढते. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरील मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के करण्यात आले. ३० मे २०२५ रोजी ते १० टक्क्यांवर आणले गेले. पेरणीचा निर्णय घेणाऱ्या शेतकऱ्याने कोणता भाव गृहीत धरावा?

अर्थात, शुल्कवाढ हा रामबाण उपाय नव्हे. २०२४ च्या खरिपात शुल्क वाढूनही महाराष्ट्रातील बाजार समित्यांत सोयाबीनला ४,८९२ रुपये हा हमीभाव मिळाला नाही. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८ टक्के असते. उरलेल्या पेंडीला मागणी नसेल तर महाग तेलही भाव सावरू शकत नाही. शिवाय तेल महागले की सर्वाधिक झळ गरिबाच्या चुलीला बसते.

परावलंबनाचा धोका २०२२ मध्ये दिसला. युक्रेन युद्धाने सूर्यफूल तेलाचा पुरवठा खंडित झाला आणि त्याच एप्रिलमध्ये इंडोनेशियाने पाम तेलाच्या निर्यातीवर काही आठवडे बंदी घातली. भारतीय स्वयंपाकघराचे गणित तेव्हा परक्या राजधान्यांत ठरत होते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने १०,१०३ कोटी रुपयांचे तेलबिया अभियान मंजूर केले. उत्पादकता वाढवणे हाच दीर्घकालीन मार्ग आहे. मात्र त्याला काही वर्षे टिकणाऱ्या शुल्क धोरणाची आणि हमीभावाने प्रत्यक्ष खरेदीची जोड हवी. ती मिळाली नाही, तर पीतक्रांतीप्रमाणेच हाही प्रयत्न आयातीच्या लाटेत विरून जाण्याचा धोका आहे.