पहिली निवड, खालचा नंबर

"पयलाच खेळाडू चुकला ना भाऊ, मंग कायची टीम!" उमरेडमध्ये टीव्हीसमोर जमलेल्या कोणत्याही टोळक्यात हा निकाल दोन मिनिटांत लागतो. संघ आयपीएलमधला असो, प्रो कबड्डीतला असो की इंडियन सुपर लीगमधला (आयएसएल) मुंबई सिटी, तो हरायला लागला की चर्चा मैदानावरून उठते आणि खेळाडू निवडीच्या टेबलाशी जाऊन बसते. अमक्याला आधी का घेतलं, तमक्याला का सोडलं, एवढा पैसा एकाच माणसावर का ओतला, असे प्रश्न सुरू होतात. वाद रंगतो यात शंका नाही. पण ज्या समजुतींवर तो उभा असतो, त्यांतल्या बऱ्याच कच्च्या आहेत. महाराष्ट्राच्या दोन फुटबॉल संघांनी आणि शेजारच्या गोव्याने त्या एकेक करून खोट्या पाडल्या आहेत.

पहिला घोळ लिलाव आणि ड्राफ्ट यांचा. आयपीएलमुळे आपल्याकडे प्रत्येक निवडीला लिलावच म्हणायची सवय लागली. लिलावात बोली चढते आणि ज्याची थैली मोठी तो खेळाडू नेतो. अमरावतीचा जितेश शर्मा २०२२ मध्ये पंजाब किंग्जला २० लाखांत मिळाला आणि पुढच्या मोठ्या लिलावात बंगळूरुने त्याच्यासाठी ११ कोटी मोजले. ड्राफ्टमध्ये असं काही घडू शकत नाही. तिथे खेळाडूची किंमत आधीच ठरलेली असते आणि संघ आपापला क्रम आला की एकेक नाव उचलतात. पैसा कमी-जास्त करून कुणाला पुढे घुसता येत नाही. आयएसएलने दोन्ही तऱ्हा वापरल्या. १० जुलै २०१५ रोजी मुंबईत दहा नामवंत भारतीय खेळाडूंचा लिलाव झाला आणि बाकीच्यांसाठी ड्राफ्ट. २३ जुलै २०१७ रोजी मात्र सगळा कारभार ड्राफ्टचाच होता. म्हणून 'ड्राफ्टमध्ये पैसे उधळले' ही तक्रार मुळातच चुकीच्या खिडकीवर जाते.

दुसरी समजूत अशी, की जो संघ तळाला असतो त्याला पहिली निवड मिळते. हा नियम आहे, पण अमेरिकेचा. तिथलं फुटबॉल म्हणजे हातात लंबगोल चेंडू घेऊन धावण्याचा खेळ. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांचा संघ सतत हरत होता आणि चांगले महाविद्यालयीन खेळाडू श्रीमंत संघांकडे जात होते. सगळ्यात कमजोर संघाने आधी निवडावं, ही कल्पना त्यांनी मांडली आणि १९३६ च्या फेब्रुवारीत पहिला ड्राफ्ट झाला. पहिला मान अर्थातच ईगल्सचा. त्यांनी जे बर्वांगर या खेळाडूचं नाव घेतलं आणि हा गडी व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना न खेळता दुसऱ्या कामाला लागला! पहिल्या निवडीच्या इतिहासाची सुरुवातच अशी झाली आहे.

आयएसएलमध्ये क्रम वेगळ्या हिशेबाने लागला. २०१७ मध्ये ज्या संघांनी जुने खेळाडू कायम ठेवले नाहीत, त्यांना सुरुवातीच्या फेऱ्या मिळाल्या. जमशेदपूर नवा संघ होता, त्यामुळे त्याच्याकडे ठेवायला कुणी नव्हतंच. दिल्ली डायनामोजने सगळ्यांना मोकळं सोडलं. हाच दिल्लीचा संघ आदल्या मोसमात गुणतक्त्यात तिसरा होता आणि उपांत्य फेरीत पोहोचला होता. म्हणजे चांगला खेळलेला संघ पुढे, आणि २०१६ मध्ये तळाला राहिलेला एफसी गोवा मात्र मागे.

मग झालं काय? जमशेदपूरने पहिलंच नाव बचावपटू अनस एडाथोडिकाचं घेतलं. किंमत होती १ कोटी १० लाख, त्या ड्राफ्टमधली सर्वोच्च. तेवढ्याच किमतीचा युजेनसन लिंगडोह गतविजेत्या एटीकेकडे गेला. २०१७-१८ च्या मोसमाअखेर जमशेदपूर पाचवं आलं, दिल्ली आठवी आणि एटीके दहा संघांत नववा. लिंगडोह दुखापतीमुळे मोसमाचा मोठा भाग बाहेर बसला. अनस पुढच्याच वर्षी केरळ ब्लास्टर्सकडे गेला. आणि गोवा? तिसरा. सर्जिओ लोबेरा हे नवे स्पॅनिश प्रशिक्षक आले आणि त्यांच्याबरोबर फेरान कोरोमिनास आला. त्याने १८ गोल ठोकून मोसमातल्या सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. प्रशिक्षक ड्राफ्टमधून येत नाहीत. परदेशी खेळाडूही त्या ड्राफ्टमध्ये नव्हते. चाहते मात्र संघाचं सगळं भवितव्य त्या एका दिवसाच्या यादीत शोधत राहिले. त्याच मोसमात पुणे सिटी चौथा आला, तोही मार्सेलिन्हो आणि एमिलियानो अल्फारो या दोन दक्षिण अमेरिकी खेळाडूंच्या गोलांच्या बळावर. हे दोघेही कुठल्या ड्राफ्टच्या फेरीत सापडले नव्हते.

सगळ्यात जास्त वाद ज्यावर झाला, ते प्रकरण मात्र २०१५ चं. पहिल्या मोसमात, म्हणजे २०१४ मध्ये, आठ संघांत पुणे सहावं आणि मुंबई सातवी. दोन्ही संघांनी पुढच्या वर्षी लिलावात हात सैल सोडला. मुंबईने सुनील छेत्रीला १ कोटी २० लाखांना घेतलं. त्या दिवसाची ती सर्वांत मोठी बोली होती. दुसरी मोठी बोली पुण्याची, लिंगडोहसाठी १ कोटी ५ लाख. म्हणजे सगळ्यात महागडे दोन भारतीय खेळाडू महाराष्ट्रात आले. मोसम संपला तेव्हा मुंबई सहावी आणि पुणे सातवं. दोघांनी आपापसात जागा बदलल्या, एवढाच काय तो फरक.

यावरून 'छेत्रीवर पैसा वाया गेला' असा निष्कर्ष त्या काळात सर्रास काढला गेला. तो आकड्यांना धरून नाही. छेत्रीने त्या मोसमात सात गोल केले. २८ ऑक्टोबर २०१५ रोजी नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली. आयएसएलमध्ये भारतीय खेळाडूची ती पहिलीच हॅटट्रिक, आणि मुंबई ५-१ ने जिंकली. त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते, तोच १७ नोव्हेंबरला एफसी गोव्याने याच मुंबईला ७-० ने धुतलं. संघ तोच होता, खेळाडू-प्रशिक्षक निकोला अनेल्काही तेच होते. गोल करणारा कितीही चांगला असला तरी मागचं दार उघडं राहिलं तर सात गोल होतात. चुकली असेल तर बाकीच्या संघाची बांधणी चुकली. छेत्रीची निवड अजिबात चुकली नव्हती.

त्याच्याबद्दल आणखी एक गैरसमज चिकटून बसला आहे. 'एवढा मोठा माणूस हाती आला आणि मुंबईने सोडून दिला.' मुंबईने तो सोडला नव्हता, कारण तो पूर्णपणे तिचा कधी नव्हताच. त्या काळात आयएसएल आणि आय-लीग वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत चालत. आय-लीगमधल्या क्लबचे खेळाडू काही महिन्यांपुरते आयएसएलकडे येत आणि मोसम संपला की परत जात. छेत्रीही असाच बेंगळूरु एफसीकडे परतत असे. २०१७ मध्ये बेंगळूरुच आयएसएलमध्ये आली आणि त्याला आपल्याकडेच ठेवून आली. भाड्याच्या घराला रंग देऊन नंतर ते विकता का आलं नाही म्हणून हळहळण्यासारखं हे आहे.

तिसरी समजूत सगळ्यात चिवट आहे. जो आधी निवडला जातो तो नंतरच्यापेक्षा भारी असतोच, असं ती सांगते. अमेरिकेत या प्रश्नाचा इतका कीस पाडला गेला की अर्थशास्त्रज्ञांनीही त्यात हात घातला. २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारे रिचर्ड थेलर आणि त्यांचे सहकारी केड मॅसी यांनी तिथल्या ड्राफ्टची जुनी आकडेवारी तपासली. एकाच जागेवर खेळणारे दोघे घेतले, तर आधी निवडलेला लगेच त्याच्यानंतर निवडलेल्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता निघाली ५२ टक्के. नाणेफेकीहून जेमतेम बरी. शिवाय अगदी वरच्या निवडींवर संघ इतका पैसा आणि इतके पुढचे हक्क खर्च करतात की थोड्या खालच्या निवडी हिशेबात जास्त फायद्याच्या पडतात, असंही त्यांना आढळलं. तिथलाच खेळाडू टॉम ब्रॅडी २००० मध्ये १९९ वा निवडला गेला होता आणि पुढे त्याने सात अजिंक्यपदं जिंकली.

पण याची उलटी बाजू चाहते विसरतात. निवड बरोबर असूनही मोसम वाईट जाऊ शकतो. क्लीव्हलंड ब्राउन्स हा संघ २०१६ मध्ये एक सामना जिंकला आणि पंधरा हरला. म्हणून २०१७ ची पहिली निवड त्यांना मिळाली. त्यांनी बचाव फळीतला माइल्स गॅरेट घेतला आणि त्या मोसमात सोळाच्या सोळा सामने हरले. त्या वर्षी क्लीव्हलंडच्या चाहत्यांनी काय म्हटलं असेल, याची कल्पना उमरेडमध्ये बसूनही करता येते. गॅरेट मात्र २०२३ मध्ये लीगमधला सर्वोत्तम बचावात्मक खेळाडू ठरला. निवडीचा न्याय पहिल्याच दिवाळीला करायचा नसतो, त्याला दोन-तीन मोसम लागतात.

मुंबई सिटी वर आली ती वेगळ्याच वाटेने. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबमधला ६५ टक्के हिस्सा घेतला. २०२० मध्ये गोव्याहून लोबेरा आले आणि त्यांच्यामागोमाग अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्युगो बुमू हे परदेशी खेळाडू आले. गोव्याचा मंदार राव देसाईही आला. एकमेकांची सवय असलेले खेळाडू आणि त्यांना ओळखणारा प्रशिक्षक असा तयार संचच मुंबईच्या हाती लागला. १३ मार्च २०२१ रोजी गोव्यातल्या फातोर्ड्याला एटीके मोहन बागानविरुद्ध बरोबरी असताना ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला आणि मुंबईने पहिला करंडक उचलला. त्याच मोसमात साखळीतल्या अव्वल स्थानाची ढालही तिचीच होती. पुण्याच्या वाट्याला असं काही आलं नाही. २०१९ मध्ये क्लब बंद पडला आणि त्याच्या जागी हैदराबाद एफसी आला. तो पहिल्या मोसमात शेवटचा, आणि २०२१-२२ मध्ये विजेता.

ड्राफ्टबद्दलची आणखी एक अपेक्षा विदर्भात वारंवार ऐकू येते. ड्राफ्ट परत आणला तर छोट्या गावच्या पोरांना संधी मिळेल, असं म्हटलं जातं. ड्राफ्ट तयार खेळाडूंची वाटणी करतो, नवे खेळाडू घडवत नाही. लालियानझुआला छांगटे हा मिझोरमचा मुलगा पुण्याच्या डीएसके शिवाजियन्सच्या अकादमीत घडला आणि पुढे मुंबईकडून खेळताना २०२२-२३ मध्ये आयएसएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला. 'स्लम सॉकर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या कामावर नागराज मंजुळे यांचा 'झुंड' २०२२ मध्ये आला. यादीत नाव यायच्या आधीची वर्षं अशा मैदानांवर जातात.

आयएसएलचा शेवटचा ड्राफ्ट २०१७ चा. त्यानंतर क्लब खेळाडूंशी थेट करार करतात, त्यामुळे आजच्या संघावर चिडायचं असेल तर निवडीचा क्रम शोधू नका. कुणाचा करार कधी संपतोय, प्रशिक्षक किती वेळा बदलला आणि एकवीस वर्षांखालच्या मुलांना मोसमात किती मिनिटं मिळाली, हे बघा. भांडायला त्यात भरपूर माल आहे.