शॉवरची मंद धार : कसूर कोणाची?

नव्या इमारतींतील स्नानगृहांत थर्मोस्टॅटिक शॉवरचा प्रवेश झाल्यापासून गरम व थंड पाण्याचे नळ आलटून पालटून फिरवण्याचे श्रम वाचले, हे खरे. परंतु त्याच्यासमवेत एक नवी तक्रारही घरात दाखल झाली, ती अशी की, पाणी अगदी मनाजोगते कोमट असते, मात्र ते हवे तेवढे पडत नाही. अशा वेळी आतले कार्ट्रिज निकामी झाल्याचा निर्वाळा पुष्कळदा तपासाआधीच दिला जातो आणि गृहस्थही मुकाट्याने त्या महागड्या सुट्या भागाच्या खर्चास संमती देतो. या यंत्राची घडण ध्यानी घेतली, तर असा निर्वाळा किती उतावळा असतो हे सहज उमगते.

यंत्राच्या गर्भात, म्हणजे याच कार्ट्रिजमध्ये, मेणाने भरलेली धातूची एक इवलीशी डबी असते आणि मिश्रित पाणी तिला स्पर्शून जाते. पाणी अधिक तापले की मेण प्रसरण पावून दट्ट्या पुढे सारते, त्यायोगे गरम पाण्याची वाट अरुंद व थंडाची रुंद होते; पाणी निवले की मेण आकसते, स्प्रिंग दट्ट्यास मागे लोटते आणि उलट क्रिया घडते. मोटारीच्या इंजिनातील थर्मोस्टॅटही बहुधा याच तत्त्वावर चालतो. येथे मर्म असे की, यंत्रास दिलेला हुकूम उष्णमानाचा आहे, परिमाणाचा नव्हे. गरम बाजूचा पुरवठा रोडावला, तर 38 अंशांचा हुकूम तंतोतंत पाळण्याकरिता हा कर्तव्यकठोर अंमलदार थंड पाण्यालाही त्याच प्रमाणात आवर घालतो. आणि थंड पाणी अकस्मात खंडित झाले, तर स्नान करणाराचे अंग भाजू नये म्हणून गरम पाण्याचीही वाट जवळजवळ बंद करतो. एका बाजूची टंचाई अशा रीतीने दोन्ही बाजूंच्या माथी येते.

तपासास आरंभ करावा तो धारेच्या मुखापासून. हँड शॉवर नळीपासून सोडवून नळीतूनच बादलीत पाणी सोडावे. 10 लिटरची बादली सुमारे मिनिटभरात भरली, तर पुरवठा निर्दोष असून कसूर शॉवरच्या क्षारांनी बुजलेल्या छिद्रांची, अथवा पाण्याच्या बचतीसाठी आत बसवलेल्या चकतीची समजावी. छिद्रे पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये थोडा वेळ भिजवून घासल्यास मोकळी होतात. फरशी धुण्याचे जहाल ॲसिड मात्र त्यांच्या आसपासही आणू नये, कारण क्षारांबरोबर ते क्रोमचा मुलामाही खाऊन टाकते.

नळीतूनही धार मंदच आली, तर मूठ प्रथम पूर्ण थंडाकडे व नंतर, तिला 38 अंशांवर अडवणारी कळ दाबून आणि अंग बाजूस ठेवून, पूर्ण गरमाकडे फिरवावी. थंड पाणी जोमाने आले आणि गरम रोडावले, तर शेजारच्या बेसिनचा गरम नळ उघडून पाहावा. तोही मंद असेल, तर गीझरचा अर्धवट उघडलेला अँगल कॉक किंवा गीझरमध्येच साचलेले क्षार यांकडे संशय वळवावा. तो जोमदार असेल, तर अडथळा शॉवरच्याच गरम प्रवेशद्वारी आहे. तेथे एक बारीक जाळी व उलट प्रवाह रोखणारी झडप असते. बोअरवेलच्या कठीण पाण्यातील कॅल्शियमचे क्षार तापवल्यावर विशेषेकरून खाली बसतात, त्यामुळे गरम बाजूची जाळी बहुधा आधी बुजते. सोसायटीची टाकी धुतल्यावर धार एकाएकी मंदावली, तर गाळ दोन्ही जाळ्यांत अडकला असण्याचा संभव मोठा. दोन्ही बाजूंचा पुरवठा बंद करून जाळ्या काढाव्यात, ब्रशाने धुवाव्यात व होत्या तशा बसवाव्यात. एवढ्यावर पुष्कळ प्रकरणे निकालात निघतात.

दोन्ही बाजू सारख्याच मंद असतील, तर दृष्टी गच्चीकडे न्यावी. पाण्याच्या 10 मीटर उंचीमागे साधारण 1 बार दाब मिळतो. सबब टाकीच्या तळापासून जेमतेम 3 मीटर खाली असलेल्या सर्वांत वरच्या मजल्यावर तो 0.3 बारच्या आसपास राहतो, आणि अनेक थर्मोस्टॅटिक शॉवरांना इतका दाब अपुरा पडतो. प्रेशर पंप बसवायचा झाल्यास तो गीझरकडे जाणारा फाटा फुटण्यापूर्वी बसवावा, म्हणजे दोन्ही बाजूंना समान बळ मिळेल; एकट्या थंड वाहिनीस पंप जोडणे म्हणजे मूळ असमतोलात नवी भर घालणे होय. पंपाचा दाब गीझरवर छापलेल्या मर्यादेबाहेर जाणार नाही, याचीही तजवीज अवश्य ठेवावी.

इतके सोपस्कार उरकल्यावर, दोन्ही पुरवठे सशक्त व जाळ्या स्वच्छ असूनही मूठ फिरवल्याने उष्णमान बदलत नसेल किंवा ते आपोआप वरखाली होत असेल, तरच कार्ट्रिजवर आरोप ठेवण्यास आधार आहे. तेव्हा वाचकहो, नव्या कार्ट्रिजची मागणी नोंदवण्यापूर्वी प्लंबरकडून दोन्ही जाळ्या आपल्या डोळ्यांदेखत उघडून घ्या.