कोंडलेल्या हवेचा हिशेब

राजस्थानातील काही सौर वीजकेंद्रांवर २०२५ साली भर दुपारी निर्मिती कमी करण्याची पाळी आली. सूर्य तळपत होता, यंत्रे सज्ज होती. पण तयार होणारी वीज वाहून नेण्यास वाहिन्या अपुऱ्या होत्या. वाहिन्या आज ना उद्या होतील. त्या झाल्यावरही दुपारची वीज रात्री कशी पुरवावयाची, हा प्रश्न उरतोच. त्यावरील उपायांत दाबाखालील हवेचा उपाय अलीकडे पुन्हा चर्चेत आला आहे. शिलकी विजेवर कॉम्प्रेसर चालवून हवा भूगर्भातील पोकळीत दाबून भरावयाची, आणि गरज पडेल तेव्हा तीच सोडून टर्बाइन फिरवावयाचे. कल्पना इतकी सुटसुटीत आहे की ऐकताच प्रश्न सुटल्यासारखे वाटावे. म्हणूनच तिचा हिशेब बारकाईने तपासला पाहिजे.

कल्पना नवी नाही. तत्कालीन पश्चिम जर्मनीत हुंटॉर्फ येथे १९७८ साली २९० मेगावॉटचे असे केंद्र सुरू झाले. मिठाच्या प्रचंड खडकात पाणी सोडून, मीठ विरघळवून कोरलेल्या दोन पोकळ्या हे त्याचे कोठार. त्यांचे एकूण आकारमान सुमारे ३ लाख १० हजार घनमीटर. आठ तास हवा भरावी तेव्हा दोन तास पूर्ण शक्तीने वीज मिळते. अमेरिकेत अलाबामा राज्यातील मॅकिंटॉश येथे ११० मेगावॉटचे दुसरे केंद्र १९९१ मध्ये उभे राहिले. ते एकदा भरले की २६ तास चालू शकते.

परंतु या दोन्ही ठिकाणी हवेच्या जोडीला नैसर्गिक वायू जाळावा लागतो. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाची नळी तापते, हा अनुभव सर्वांचाच आहे. हवा दाबली की तापते. ती उष्णता काढून टाकून हवा साठवली, तर पुढे प्रसरण पावताना ती इतकी थंड होते की टर्बाइनला निभत नाही. मग तिला वायू जाळून तापवावयाचे. हुंटॉर्फमध्ये एक युनिट वीज मिळविण्यासाठी ०.८ युनिट वीज आणि १.६ युनिटांइतकी वायूची ऊर्जा खर्ची पडते. मॅकिंटॉशने टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या वायूची उष्णता पुन्हा वापरून हे आकडे ०.६९ आणि १.१७ वर आणले. तेव्हा हुंटॉर्फला हवेवर चालणारे केंद्र म्हणणारा गृहस्थ, खरे पाहता, एक तृतीयांशच सत्य सांगत असतो.

दाबताना निर्माण झालेली उष्णता फेकून न देता साठवून ठेवावी आणि परत हवेलाच द्यावी, हा त्यावरील उघड मार्ग. तो चीनने प्रत्यक्षात आणला. जियांगसू प्रांतातील जिंतान येथे वायू न जाळता चालणारे ६० मेगावॉटचे केंद्र २०२२ मध्ये सुरू झाले. पाठोपाठ २०२४ मध्ये हुबेई प्रांतातील यिंगचेंगचे ३०० मेगावॉटचे केंद्र वीजजाळ्याला जोडले गेले. यंत्रांचा प्रश्न सुटत चालला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

जमिनीचा प्रश्न मात्र तसा सुटत नाही. अमेरिकेतील आयोवा राज्यात पवनविजेच्या साठवणीसाठी २७० मेगावॉटच्या प्रकल्पाची आखणी कित्येक वर्षे चालली होती. तेथे मिठाऐवजी पाणी धरून ठेवणाऱ्या वालुकाश्मात हवा भरावयाची होती. प्रत्यक्ष विंधनानंतर त्या खडकातून हवा हव्या त्या वेगाने आत-बाहेर जाऊ शकणार नाही असे आढळले, आणि २०११ मध्ये प्रकल्प सोडून द्यावा लागला. हे ज्ञान आखणीच्या आरंभी मिळाले असते तर किती बरे झाले असते!

आपल्याकडे हाच धडा आधी गिरविला पाहिजे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टचा. त्यात मिठाचे थर नाहीत आणि कठीण खडकात अस्तर लावून कोठारे खोदण्याचा खर्च मोठा. सह्याद्रीने आपल्याला उंची आणि पाणी दिले आहे. घाटघरचे २५० मेगावॉटचे उदंचन केंद्र २००८ पासून त्याचाच लाभ घेत आहे. मिठाच्या पोकळ्यांचा हव्यास आपण धरण्याचे कारण नाही.

राजस्थानची गोष्ट वेगळी. बिकानेर, नागौर, गंगानगर या टापूत जमिनीखाली मिठाचे विस्तीर्ण थर आहेत. पोटॅशच्या शोधार्थ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तेथे विंधन केलेले आहे. ऊन आणि मीठ एकाच मुलखात असणे हा योग दुर्मिळच. हे मीठ मात्र हुंटॉर्फप्रमाणे एकसंध घुमटात नसून इतर खडकांच्या थरांमध्ये विभागलेले आहे. जिंतानचे मीठही थरांचेच आहे, तेव्हा आपण धडे घ्यावयाचे ते जर्मनीपेक्षा चीनकडून.

आणि पाण्याचे काय? एक घनमीटर मीठ विरघळविण्यास सात ते दहा घनमीटर पाणी लागते. हुंटॉर्फएवढी पोकळी कोरावयाची तर निदान २१ लाख घनमीटर पाणी हवे. हे पाणी इंदिरा गांधी कालव्यातून घेतले, तर ते कोणाच्या तरी शेतातून किंवा माठातूनच काढून घेतलेले असेल. दिल्लीत बसून आखणी करणाऱ्यांना ही बाब किरकोळ वाटेल. बिकानेरच्या शेतकऱ्याला वाटणार नाही. वाळवंटात खारे भूजल आहे. मीठ विरघळविण्यास ते चालू शकते, मात्र थोडे अधिक लागते. कालव्याचे पाणी या कामासाठी मिळणार नाही, अशी अट परवान्यातच घातली पाहिजे.

पुढचा प्रश्न बाहेर येणाऱ्या मिठवणीचा. ती वाळूत सोडली तर आसपासच्या विहिरी नासतील. जिंतानला हा प्रश्न पडला नाही, कारण मीठ काढणाऱ्या उद्योगाने मागे ठेवलेली पोकळीच तेथे वापरली गेली. बिकानेरलाही मीठ किंवा रसायनांचा उद्योग आधी आणि हवेचे कोठार नंतर, असा क्रम ठेवता येईल. त्यास वेळ लागेल. सरकारने तूर्त एवढेच करावे: टर्बाइनांच्या निविदा काढण्यापूर्वी मिठाच्या थरांत पुरेशी विंधने घ्यावीत, मिळालेले नमुने दाबाखाली तपासावेत, आणि मिळेल ती माहिती, ती प्रतिकूल असली तरी, लोकांपुढे ठेवावी.