बोरिवलीतली हरणं आणि शिकारीचा परवाना

अमेरिकेत वाढलेला माझ्या भाचीचा मुलगा मागे सुट्टीत आला होता. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात चितळांचा कळप पाहून त्यानं विचारलं, "आजोबा, इथे हरणांच्या शिकारीचा सीझन कधी असतो?" घरातली मंडळी दचकली. मला मात्र प्रश्न रास्त वाटला. तो ज्या राज्यात राहतो तिथे शरद ऋतू आला की शेजारचे गृहस्थ धनुष्यबाण घेऊन सरकारी जंगलात जातात, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही.

तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण साधारण आपल्या चितळाएवढं, पण अंगावर ठिपके नसलेलं. १९०० च्या सुमाराला बाजारासाठी झालेल्या बेसुमार शिकारीनं ती पाचेक लाखच उरली होती, असा अंदाज आहे. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. हे घडलं कसं? रानातलं मांस विकायला बंदी आली. हरीण कुणाच्याही जमिनीवर चरत असलं तरी ते जनतेचं आणि राज्य त्याचं विश्वस्त, हे तत्त्व पक्कं झालं. परवाना, ठरलेला हंगाम आणि किती मारायची याची मर्यादा आली. १९३७ च्या कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. १९७२ मध्ये हा कर धनुष्यबाणांनाही लावण्याचा कायदा झाला.

धनुष्यच का, असं तुम्ही विचाराल. बाणानं नेम धरायचा तर वीस-तीस पावलांवर जावं लागतं, म्हणून यश कमी येतं आणि हंगाम लांब ठेवता येतो. वस्तीजवळ गोळीपेक्षा बाण कमी धोक्याचा, हेही आहेच. पुष्कळांना मांस हवं असतं, काहींना शिंगं. शिंगांची लांबी, घेर, फाटे मोजून बेरीज करतात. धनुर्धाऱ्यांच्या एका जुन्या क्लबात नेहमीच्या घडणीच्या शिंगांसाठी ती बेरीज १२५ इंच भरली तरच नोंद होते. ही मोजदाद मला जरा पोरकट वाटते. पण त्या व्यवस्थेनं हरीण वाचवलं, हे नाकारता येत नाही.

मग आपल्याकडे का नाही? खरं म्हणजे आपल्याकडेही परवाने होते. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या सुरुवातीच्या सभासदांत शिकारीचे शौकीन पुष्कळ. सालिम अलींची पक्ष्यांशी ओळख झाली तीही छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेल्या एका चिमणीमुळे. मुंबई राज्यानं १९५१ मध्ये वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा केला. पुढे १९७२ चा केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्या दिवसापासून शिकार संपली, असा सार्वत्रिक समज आहे; तो बरोबर नाही. त्या कायद्यातही मोठ्या शिकारीचे, छोट्या शिकारीचे, सापळे लावण्याचे असे वेगवेगळे परवाने होते. ते गेले १९९१ च्या दुरुस्तीनं. आता पिकांची नासधूस करणाऱ्या किंवा माणसाच्या जिवावर उठलेल्या जनावराबाबत अधिकाऱ्यांच्या लेखी हुकमासारखे मोजके अपवाद उरले आहेत.

शिवाय कायद्यातला 'शिकार' हा शब्द फार लांबरुंद आहे. मारणं तर आलंच. पण फास लावणं, विष घालणं, हाका करून जनावर उठवणं, आमिष ठेवणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच. राष्ट्रीय उद्यानात हे केलं तर तीन ते सात वर्षांची कैद.

पण मला कायद्याहून महत्त्वाचं वाटतं ते दुसरं कारण. अमेरिकेच्या पुष्कळ भागांतून लांडगे आणि प्यूमा माणसानं संपवले. हरणं वाढली की जंगलातली रोपं उरत नाहीत, रस्त्यावर मोटारींना धडका बसतात. म्हणून बंदूकवाला आणि बाणवाला तिथे लांडग्याच्या जागी उभा आहे. बोरिवलीत ती जागा रिकामी नाही. जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल; एका बाजूला बोरिवली-गोरेगाव, दुसऱ्या बाजूला मुलुंड-भांडुप, वर ठाणे. त्यात आणि लगतच्या पट्ट्यात २०१८ च्या कॅमेरा-पाहणीत ४७ बिबटे मोजले गेले. चितळ, सांबर, रानडुक्कर हे त्यांचं रोजचं ताट. बिबट्याच्या विष्ठेच्या तपासणीत भटक्या कुत्र्यांचा वाटाही मोठा निघाला. म्हणजे ताट कुंपणाच्या आत आणि बाहेर असं दोन्हीकडे वाढलेलं आहे. आतलं कमी केलं तर तो बाहेरच्याकडे अधिक येईल, हे समजायला शास्त्रज्ञ व्हावं लागत नाही.

म्हणून मला धनुष्याहून भीती वाटते ती फासाची. क्लचची जुनी वायर घ्यायची, सरकगाठ मारायची आणि पायवाटेवर झुडपाला बांधून ठेवायची. खर्च शून्य, आवाज नाही. डुकरासाठी लावलेल्या फासात सांबर सापडतं, बिबट्याही सापडतो. गोरेगावच्या फिल्मसिटीच्या बाजूला २०१८ मध्ये बिबट्या असाच मेला. बाण मारणाऱ्याला निदान समोर काय आहे ते दिसतं. फासाला नर, मादी, पाडस, काहीच कळत नाही. जंगलात पायी फिरून हे फास काढणारे वनरक्षक आणि स्वयंसेवक यांचं काम म्हणूनच मोलाचं आहे.

आता शिंगांविषयी, कारण त्या मुलाला खरी ओढ त्यांचीच होती. गाई-म्हशींची शिंगं आयुष्यभर राहतात. चितळ-सांबरांच्या नरांची दरवर्षी गळून पडतात आणि नवी फुटतात. वाढत असताना त्यांवर मखमलीसारखी कातडी असते, आत रक्त खेळतं. वाढ पुरी झाली की नर ती झाडावर घासून काढतो. पांढऱ्या शेपटीच्या हरणांत हे दिवसाच्या लांबीवर चालतं, म्हणून सगळ्या नरांची शिंगं हिवाळ्याच्या आसपासच गळतात. आपल्या चितळांत एवढी शिस्त नाही. एकाच कळपात मखमलीतला नर, टणक शिंगांचा नर आणि बोडका नर एकत्र दिसू शकतात. पुढच्या वेळी मुलांना घेऊन जाल तेव्हा जरूर बघा.

आणि वाटेवर गळालेलं शिंग दिसलं तर? जनावर मारलेलं नाही, मग घरी नेलं तर काय बिघडलं, असं वाटतं. पण कायद्याच्या भाषेत तेही 'ट्रॉफी'च आहे आणि मालक सरकार आहे. कुणाच्या हाती आलं तर ४८ तासांत पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवायचं असतं. आजोबांच्या काळातली शिंगं दिवाणखान्यात टांगलेल्या घरांसाठी २००३ मध्ये १८० दिवसांची मुदत देऊन नोंदणीची संधी दिली होती. ती मुदत केव्हाच उलटून गेली. जंगलातलं शिंग जंगलात राहिलं तर वायाही जात नाही. रात्री साळिंदर येतं आणि ते कुरतडून खातं; त्याला त्यातला चुना हवा असतो.