करारनाम्याची रक्कम आणि मर्यादेतील हिस्सा

उत्तर अमेरिकेत हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी; आणि तेथील नॅशनल हॉकी लीगमधील नामांकित खेळाडूंच्या करारनाम्यांच्या वार्ता वाचताना आपली दृष्टी प्रथम डॉलरांच्या रकमेवर स्थिरावते हे स्वाभाविक असले, तरी जेथे प्रत्येक संघाचा एकंदर वेतनखर्च एका मर्यादेने जखडलेला आहे, तेथे त्या मर्यादेतला खेळाडूचा हिस्सा पाहिल्यावाचून दोन काळांतील करारांची तुलना न्याय्य होत नाही.

मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील तंटा न मिटल्याने २००४-०५चा सबंध हंगाम रद्द झाला. पुढे जी तडजोड झाली, तिने प्रत्येक संघास ३ कोटी ९० लक्ष डॉलरांची वेतनमर्यादा घालून दिली आणि कोणाही एका खेळाडूस तिच्या एकपंचमांशाहून अधिक देण्यास मनाई केली. मात्र हिशेबात कराराची वार्षिक सरासरी धरली जात असल्याने, मुदत लांबवून अखेरच्या वर्षांपुढे किरकोळ वेतन लिहिले की सरासरी आपोआप उतरे. २०१० साली न्यू जर्सी डेव्हिल्सने इल्या कोवालचुकशी १७ वर्षांचा, १० कोटी २० लक्षांचा असाच करार केला, तेव्हा लीगने तो नामंजूर केला आणि लवादानेही तो निर्णय कायम ठेवला. मालक आणि खेळाडूंच्या संघटनेतील २०१३च्या नव्या तडजोडीने करारांची मुदत स्वतःच्या संघाशी आठ आणि अन्य संघाशी सात वर्षांवर आणली. माझ्या मते हा निर्बंध योग्यच होता.

आता आकडे पाहावेत. अलेक्झांडर ओवेच्किनच्या २००८च्या १३ वर्षांच्या कराराची सरासरी सुमारे ९५ लक्ष, तर किरिल काप्रिझोवला २०२६-२७पासून दरसाल मिळणार १ कोटी ७० लक्ष. रक्कम जवळजवळ दुप्पट. परंतु पहिल्या वर्षाच्या मर्यादेशी, म्हणजे अनुक्रमे ५ कोटी ६७ लक्ष आणि १० कोटी ४० लक्षांशी, ताडून पाहता ओवेच्किनचा हिस्सा शेकडा १६.८ भरतो आणि काप्रिझोवचा १६.३!

महामारीत मर्यादा तीन हंगाम ८ कोटी १५ लक्षांवर गोठली होती. ती आता झपाट्याने वाढत असताना एडमंटनच्या कॉनर मॅकडेव्हिडने केलेला करार मला विशेष आदरणीय वाटतो. २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षे स्टॅन्ली चषकाच्या अंतिम फेरीत पराभूत झालेल्या या खेळाडूला, स्वाक्षरीच्या वेळच्या नियमाप्रमाणे, दरसाल १ कोटी ९१ लक्षांपर्यंत मागता आले असते; त्याने पूर्वीच्याच १ कोटी २५ लक्षांवर दोन वर्षे मान्य केली, तर त्याच्याच संघातील लिऑन ड्रायसाइटल १ कोटी ४० लक्ष घेतो.